शाळेत हेल्दी फूड मार्केट सुरू करायचंय? मग मेनूच्या आधी रांगेचा विचार करा

शाळेत हेल्दी फूड मार्केट सुरू करायचं म्हटलं की पहिली मीटिंग मेनूवरच खर्ची पडते. कोणी म्हणतं फळं ठेवू, कोणी म्हणतं ज्यूस, कोणीतरी ओट्सची बिस्किटं सुचवतं, मग गोड चालेल का यावर वाद आणि तेवढ्यात तास संपतो. माझं म्हणणं असं की मेनू हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड दोनच गोष्टी आहेत, एक म्हणजे मधल्या सुट्टीच्या तेवढ्याशा वेळात प्रत्येक मुलाच्या हातात खाणं पडलं पाहिजे आणि दुसरी म्हणजे ज्याच्या घरून पैसे येत नाहीत त्यालाही त्याच रांगेत तितक्याच हक्काने उभं राहता आलं पाहिजे. या दोन्ही जमल्या तर मार्केट वर्षभर चालतं, नाही जमल्या तर महिन्याभरात टेबलं परत स्टोअररूममधे जातात.

मार्केट म्हणजे काय ते आधी आपसात ठरवून घ्या कारण प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र असतं. मी जे सांगतेय ते असं आहे: आठवड्यातून एक ठरलेला वार, शाळेच्या आवारातच तीन-चार टेबलं, त्यावर मोजकेच पदार्थ, आणि मुलं स्वतः फिरून स्वतः निवडणार. कोणी ताटात वाढून देणार नाही, कोणी "हे घे, ते नको घेऊस" म्हणणार नाही. टेबलावर काय मांडायचं ते मोठ्यांनी ठरवायचं, त्यातलं काय उचलायचं ते मुलाने. ही वाटणी पहिल्या दिवसापासून पाळा, नाहीतर ते मार्केट न राहता सक्तीचा खाऊ होतो आणि सक्तीचा खाऊ मुलं बरोब्बर बेंचखाली टाकतात.

आता रांगेचं गणित

समजा ३०० मुलं आहेत आणि सुट्टी ३० मिनिटांची. वर्गातून येणं, हात धुणं आणि शेवटी बसून खाणं हे वजा केलं तर वाटायला हातात २० मिनिटंसुद्धा मुश्किलीने राहतात. एका मुलाला बघायला, निवडायला, पैसे द्यायला, सुट्टे परत घ्यायला ३० सेकंद धरा, म्हणजे एका टेबलावर २० मिनिटांत ४० मुलं होतात. ३०० मुलांना आठ टेबलं लागतील आणि आठ टेबलांवर उभी राहणारी माणसं दर आठवड्याला कुठून आणणार? पण तोच वेळ १५ सेकंदांवर आणला तर चार टेबलांत काम होतं. १५ सेकंदांवर आणायचा उपाय म्हणजे टेबलावर पैशांचा व्यवहारच नको, आणि सगळं आधीच वाट्यांमधे किंवा नगावर मोजून ठेवलेलं हवं, कापणं-वाढणं तिथे उभं राहून करायचं नाही.

तरीही जमत नसेल तर इयत्ता वेगवेगळ्या वारी वाटून द्या. लहान मुलांना पाच मिनिटं आधी सोडा, मोठ्यांच्या धक्काबुक्कीत ती मागेच राहतात. आणि हो, रांगेत पहिला वर्ग दरवेळी तोच नको, क्रम फिरवत राहा, कारण शेवटी येणाऱ्या वर्गाला कायम उरलंसुरलं मिळायला लागलं की तो वर्ग यायचा बंद होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

टोकन सगळ्यांना, एकाच रंगाचं

पैसे टेबलावरून काढायचे तर टोकन लागणार, आणि इथेच दुसरा अवघड प्रश्नही सुटतो म्हणून मी टोकनवर एवढा जोर देते. पद्धत साधी आहे. पालक महिन्याची रक्कम शाळेच्या ऑफिसमधे भरतात, ज्यांना जमत नाही ते भरत नाहीत, ज्यांना जास्त जमतं ते एका मुलाचं जादा भरतात, आणि वर्गशिक्षक मार्केटच्या दिवशी सकाळी हजेरी घेताना वर्गातल्या प्रत्येक मुलाला सारखीच टोकन देतात. कोणाचे पैसे आले आणि कोणाचे नाही हे फक्त ऑफिसमधल्या एका माणसाला माहीत असतं. वर्गशिक्षकांनाही कळायची गरज नाही.

बऱ्याच ठिकाणी "गरजू मुलांना मोफत कूपन" असं करतात. हेतू चांगला असतो पण मुलं हे पाच मिनिटांत ओळखतात, कूपनचा रंग वेगळा, कागद वेगळा, यादीत नाव वेगळं, आणि मग जो मुलगा खरंच उपाशी आलाय तो "मला भूक नाही" म्हणून लांब उभा राहतो. त्याला भूक असते हो, पण चारचौघांत ते कूपन काढून दाखवायचं नसतं. ज्या मुलासाठी हा सगळा खटाटोप करायचा तोच रांगेबाहेर राहिला तर मार्केट भरून उपयोग काय. त्यामुळे बजेट करतानाच काही मुलांचे पैसे येणार नाहीत असं धरून चाला आणि ती तूट माजी विद्यार्थी, पालक संघ, जवळपासचे दुकानदार यांच्याकडून भरून काढा. देणगीदाराचं नाव शाळेच्या बोर्डवर खुशाल लावा, पण "या या मुलांना मदत केली" असे फोटो काढू देऊ नका. कितीही मोठी देणगी असली तरी नाही.

मुलामागे दोन टोकन बरी पडतात, एक फळ किंवा भाजीच्या टेबलासाठी आणि एक हवं तिथे वापरायला. म्हणजे निवडही राहते आणि किती माल लागेल त्याचा अंदाजही येतो.

कॅन्टीनशी भांडू नका

शाळेत आधीच कॅन्टीन असेल तर त्यांना पहिल्या मीटिंगपासून सोबत घ्या. त्यांचं पोट चिप्स आणि कोल्ड्रिंकच्या विक्रीवर चालत असेल तर तुमचं मार्केट त्यांना दुश्मनच वाटणार, त्यात त्यांची काही चूक नाही. त्यांच्याकडे फ्रीज असतो, सिंक असतो, सप्लायर असतात, अन्न विकायचा परवाना असतो, आणि हे सगळं तुम्ही नव्याने उभं करायला गेलात तर वर्ष जाईल. मार्केटची खरेदी त्यांच्यामार्फत करा, त्यावर त्यांना ठरलेला मोबदला द्या, आणि मार्केटच्या दिवशी कॅन्टीनचं काउंटर त्या अर्ध्या तासासाठी बंद ठेवायचं असं लेखी ठरवा. एकाच वेळी शेजारी चिप्स उघडी असतील तर सफरचंदाने जिंकावं अशी अपेक्षा ठेवणं हा सफरचंदावर अन्याय आहे. चिलीने २०१६ पासून साखर, मीठ, सॅच्युरेटेड फॅट किंवा कॅलरी जास्त असलेल्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले तेव्हा असे पदार्थ शाळेत विकायलाच बंदी घातली ती याचसाठी, नुसतं चांगलं शेजारी ठेवून भागत नाही.

परवानगीचं थोडक्यात: मुख्याध्यापक, व्यवस्थापन आणि तुमच्याकडे अन्नविक्रीचे जे नियम असतील त्यांची चौकशी, तिन्ही लेखी घ्या. तोंडी होकारावर सुरू केलेला उपक्रम मुख्याध्यापक बदलले की बंद पडतो.

मग टेबलावर काय ठेवायचं

मुलांना विचारा, पण नीट विचारा. "तुला काय आवडतं" विचारलं की पिझ्झा लिहून येतं. त्यापेक्षा "काल मधल्या सुट्टीत काय खाल्लंस" आणि "डब्यातलं काय परत नेलंस" असं विचारा, याच्या उत्तरांतून खरा मेनू निघतो.

पाया म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे हाताशी ठेवा. २०२३ च्या त्यांच्या सूचनांप्रमाणे भाज्या-फळं मिळून २ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसाला किमान २५० ग्रॅम, ६ ते ९ ला ३५० ग्रॅम आणि १० च्या पुढे ४०० ग्रॅम हवीत. तुमचं मार्केट हे सगळं भरून काढणार नाही, पण एका वेळी ८० ग्रॅमची वाटी दिली तरी मोठ्या मुलाच्या दिवसाचा पाचवा हिस्सा झाला, हे काही कमी नाही.

साखरेचं मात्र सगळ्यांनी बसून एकदा समजून घ्या कारण सगळे घोळ इथेच होतात. मोकळी साखर म्हणजे वरून घातलेली साखर, आणि त्यात मध, सिरप आणि फळांचा रससुद्धा मोजतात, अगदी घरी काढलेला शंभर टक्के रससुद्धा. अख्ख्या फळातली साखर यात धरत नाहीत. ही मोकळी साखर दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १०% च्या आत हवी, ५% च्या आत असेल तर आणखी चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगतेय. १६०० कॅलरी खाणाऱ्या मुलासाठी १०% म्हणजे ४० ग्रॅम, साधारण १० चमचे. ३३० मिलीच्या कोलाच्या एका कॅनमधे ३५ ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे एका कॅनमधे दिवस जवळजवळ संपला. म्हणून मी ज्यूसचं टेबल ठेवूच नका म्हणते, कितीही ताजा असला तरी. संत्रं द्या, त्याचा रस नको. आणि "शुगर फ्री" ड्रिंकही त्याला पर्याय नाही, मुलांच्या जिभेला तेवढ्याच गोडाची सवय राहते. पिण्याचं पाणी मात्र प्रत्येक टेबलाजवळ, फुकट, आणि ग्लास धुवायची सोय असलेलं.

पाकिटातलं काही ठेवायचंच असेल, तर पाकीट उलटं करून १०० ग्रॅमचा रकाना बघा, "प्रति सर्व्हिंग" चा नाही, कारण सर्व्हिंग कंपनी स्वतः ठरवते. ब्रिटनच्या ट्रॅफिक लाइट लेबलचे (कमी, मध्यम, जास्त हे हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात दाखवणाऱ्या लेबलचे) आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत: १०० ग्रॅममधे साखर ५ ग्रॅमपर्यंत असेल तर कमी, २२.५ च्या वर गेली तर जास्त. मीठ ०.३ ग्रॅमपर्यंत कमी, १.५ च्या वर जास्त. सॅच्युरेटेड फॅट १.५ पर्यंत कमी, ५ च्या वर जास्त. लेबलवर मीठाऐवजी सोडियम दिलं असेल तर त्याला २.५ ने गुणा. एकही गोष्ट "जास्त" मधे गेली की तो पदार्थ टेबलावर येणार नाही असा सरळ नियम करा, म्हणजे दरवेळी "पण यात फायबर आहे ना" हा वाद होत नाही. पाकिटाच्या पुढच्या बाजूला "नॅचरल", "बेक्ड", "एनर्जी" काहीही लिहिलेलं असू द्या. या नियमाला एकच सूट, दाणे आणि सुका मेवा, त्यांच्यात फॅट आणि मनुकांसारख्यात साखर नैसर्गिकच जास्त असते, तिथे वरून मीठ-साखर घातलेली नाही एवढं बघून छोटी मूठ द्या.

सुरुवातीला सहा-सातच पदार्थ ठेवा. दोन फळं, एक कच्ची भाजी काप करून, एक दही किंवा दूध बिनसाखरेचं, एक उकडलेलं कडधान्य किंवा अंडं, एखादा अख्ख्या धान्याचा पदार्थ. नवीन पदार्थ एका वेळी एकच आणा आणि पहिल्यांदा कोणी हात लावला नाही म्हणून काढून टाकू नका, नवीन चव मुलाला पटायला आठ-दहा वेळा किंवा त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते. एका घासाएवढी चव फुकट ठेवा, आवडली नाही तर कागदात टाकून द्यायची मुभा ठेवा. बळजबरी नाही म्हटल्यावर मुलं जास्त धीट होतात.

आणि टेबलावर उभं राहणाऱ्या मोठ्यांना एक ताकीद. "हे खाल्लं तर जाड होशील", "तुला याची जास्त गरज आहे" असलं काहीही बोलायचं नाही, मुलाच्या अंगावरून तर अजिबातच नाही. कॅलरीचे आकडेही मुलांसमोर लावू नका. अशा एका वाक्याने एखादं मूल खाणंच टाकून बसतं. पदार्थाची चव सांगा, कुठून आला ते सांगा, कसा पिकतो ते सांगा, बोलायला भरपूर आहे.

सुरक्षितता, इथे तडजोड नाही

एका मुलाला जरी उलट्या झाल्या तरी मार्केट त्या दिवशी बंद होतं. थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या खाली, गरम पदार्थ ६० च्या वर, आणि या दोन्हींच्या मधे दोन तासांपेक्षा जास्त वेळ काहीही पडून राहायला नको, कारण याच मधल्या पट्ट्यात जंतू भराभर वाढतात. शिजवलेलं अन्न आतपर्यंत ७० अंशांना गेलं पाहिजे. अन्नात खुपसायचा साधा थर्मामीटर घ्या आणि वेळ-तापमान एका वहीत लिहा, "हाताला गरम लागतंय" हे मोजमाप नाही. बर्फाचे पॅक घातलेले बंद डबे फ्रीजचं बरंचसं काम करतात.

फळं वाहत्या पाण्याखाली धुवा, साबण लावू नका. साल असलेली आणि हाताने सोलता येणारी फळं सगळ्यात निर्धोक, केळं आणि संत्रं आपलं पॅकिंग घेऊनच येतात. कापलेलं फळ त्याच दिवशी सकाळी कापलेलं आणि लगेच थंड केलेलं हवं, खरबूज-कलिंगडात आंबटपणा कमी म्हणून तिथे जंतू लवकर धरतात, त्यांची जास्त काळजी. कच्चे मोड मात्र शाळेत नकोच. मोड यायला लागणारा ओलावा आणि ऊब जंतूंनाही तितकीच मानवते, त्यामुळे मोड आलेलं काही द्यायचं तर शिजवूनच.

अॅलर्जीची माहिती आधी सगळ्या पालकांकडून लेखी मागवा. शेंगदाणे, बदाम-काजूसारखा मेवा, दूध, अंडं, गहू, सोया, तीळ, मासे आणि कोळंबीसारखे प्रकार, हे मुख्य. या पदार्थांचं टेबल वेगळं, चिमटा वेगळा, सुरी वेगळी, आणि प्रत्येक वाटीसमोर मोठ्या अक्षरात काय काय आहे ते लिहिलेलं. शाळेत एखादं मूल शेंगदाण्याच्या गंभीर अॅलर्जीचं असेल तर शेंगदाणे सरळ मेनूतूनच काढा, एका पदार्थावाचून कोणाचं अडत नाही. तीव्र अॅलर्जीचं औषध कोणाकडे आहे आणि ते कसं द्यायचं, हे निदान दोन मोठ्या माणसांना माहीत असायला हवं.

पाच वर्षांच्या आतली मुलं असतील तर अख्खे दाणे नाहीत, द्राक्षं आणि छोटे टोमॅटो लांबीत चार तुकडे करूनच. गोल गुळगुळीत वस्तू लहान घशात बुचासारखी बसते.

माल किती आणायचा

२०० मुलांना ८० ग्रॅमच्या हिशोबाने १६ किलो खाण्याजोगं फळ लागतं, पण केळ्याच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा सालीत जातो, म्हणजे केळी २४-२५ किलो आणावी लागतील. पहिल्या दोन-तीन वेळा अंदाजाच्या ७०% च आणा. थोडं कमी पडलं तर पुढच्या वेळी उत्सुकता राहते, सडलेलं उरलं तर हिशोबही बिघडतो आणि उत्साहही. तरी कमी पडेल तेव्हासाठी टिकाऊ काहीतरी जवळ ठेवा, म्हणजे कोणी टोकन घेऊन रिकाम्या हाताने परत जाणार नाही. केळी सफरचंदांच्या क्रेटमधे एकत्र ठेवू नका, दोन्हींमधून निघणाऱ्या इथिलीन वायूने सगळं एकदम पिकतं. शेतकऱ्याकडून किंवा घाऊक बाजारातून थेट घेता आलं तर भाव आणि ताजेपणा दोन्ही सुधारतं, पण तो ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी पोचवणारच का हे आधी बघा. स्वस्त पण उशिरा आलेला माल सुट्टीनंतर काय कामाचा.

मुलांकडे कामं द्या, देखाव्यापुरती नको, खरी. वरच्या वर्गातली मुलं टोकन मोजतील, पाट्या लिहितील, स्टॉकची वही ठेवतील, सप्लायरच्या बिलाशी माल ताडून बघतील. कापणं आणि गरम पदार्थ मात्र मोठ्यांनीच हाताळायचे. ज्या मुलाने सकाळी गाजरं मोजून वाट्या भरल्यात तो दुपारी चार मित्रांना त्या टेबलाकडे ओढून आणतो, एवढी जाहिरात कुठल्याच पोस्टरने होत नाही.

चाललंय की नाही हे कसं कळणार

"आवडलं का" चे फॉर्म भरून घेऊ नका, बादल्या बघा. मार्केट संपलं की टाकलेलं अन्न पदार्थानुसार वेगळं करून वजन करा, सालं बाजूला काढून. टोकन किती परत आली आणि कुठल्या टेबलावर आली ते मोजा. ज्या वर्गातून टोकन कमी येतात तिथे जाऊन शांतपणे विचारा, बहुतेक वेळा कारण चवीचं नसतं, त्यांना वेळ मिळालेला नसतो किंवा मोठी मुलं पुढे घुसत असतात. भाजीची वाटी तीन-चार आठवडे तशीच परत येत असेल तर भाजी बदलण्याआधी कापायची पद्धत बदलून बघा, किसलेलं गाजर नाकारणारी मुलं त्याच्या लांब काड्या आनंदाने खातात, सोबत दह्यात बुडवायला दिलं तर आणखीच.

आधी एक-दोन इयत्तांवरच सहा आठवडे चालवा आणि मग शाळाभर न्या. आठवड्याचे दोन वार करायची घाई करू नका, पहिला वार कोणी आठवण न करता आपोआप भरायला लागला, एखादी व्यक्ती आजारी पडली तरी टेबलं लागली, की मग दुसरा. यासाठी एकच वही ठेवा ज्यात सप्लायरचे नंबर, किती माल लागतो, टोकन कुठे ठेवतात, फ्रीजची किल्ली कोणाकडे, अॅलर्जीची यादी, सगळं एका जागी असेल. ही वही कपाटात कुलूपबंद, कारण तिच्यात मुलांची खाजगी माहिती आहे, पण किल्ली दोघांकडे. अॅलर्जीची यादी दरवर्षी नव्याने भरून घ्यायची, जुनी पुढे ढकलायची नाही. आणि परीक्षा किंवा सुट्ट्या लागायच्या दोन आठवडे आधी सप्लायरला ऑर्डर थांबवायला सांगायचं, तेही याच वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.